गोल्फला जरूर जा, पण पाण्याचेही विचारा

बीड जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांत एकही खासगी गोल्फ कोर्स नाही. तरीही गोल्फ आता बीडच्या घरांत येऊन पोचला आहे. आष्टी-पाटोद्याची, केज-अंबाजोगाईची जी मुलेमुली शिकून पुण्याला गेली आणि हिंजवडी-खराडीत नोकरीला लागली, त्यांना कंपनीच्या कार्यक्रमासाठी येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर किंवा बावधनच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टमध्ये बोलावणे येते. कुणाच्या मित्राचा स्वागत समारंभ अशाच एखाद्या क्लबच्या लॉनवर ठरतो. कुणाचे साहेब शुक्रवारी संध्याकाळी म्हणतात, ‘उद्या सकाळी ये, नऊ होल खेळू.’ मुलगा हो म्हणतो आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शोधत बसतो. कपडे कोणते घालायचे, पैसे किती लागतील, आणि गेटवरच अडवले तर काय?

ही धास्ती खोटी नाही. पण ती खेळाची धास्ती नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण जिंकले. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेले. मैदानाला घाबरणारा हा जिल्हा नव्हे. धास्ती असते ती दाराची. धावायला रस्ता लागतो आणि कुस्तीला आखाडा. तिथे जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. खासगी गोल्फ कोर्सवर ती लागते. म्हणून जाण्याआधी तिथले रीतिरिवाज माहीत असलेले बरे, आणि रिवाजांच्या पलीकडचे चार प्रश्नही मनात असलेले बरे.

खासगी क्लब म्हणजे सदस्यांचा क्लब. पाहुणा कितीही पैसे द्यायला तयार असला, तरी बहुतेक जुन्या क्लबांत तो स्वतःच्या नावावर आत जाऊ शकत नाही. सदस्याने त्याचे नाव आधी कळवायचे, गेटवरच्या वहीत नोंद करायची आणि दिवसभर त्याच्या वागण्याची जबाबदारी घ्यायची. अनेक ठिकाणी पाहुण्याकडून रोख पैसे घेतच नाहीत. चहापासून जेवणापर्यंत सगळे सदस्याच्या खात्यावर लिहिले जाते. बीडच्या माणसाला हे अवघड जाते. कुणाच्या जिवावर खाल्ल्यासारखे वाटते. त्यावर साधा उपाय आहे. बोलावणाऱ्याला आधीच सरळ विचारावे, ‘माझा खर्च किती होईल आणि तो मी तुम्हाला कसा देऊ?’ खर्चात ग्रीन फी म्हणजे मैदानाचे भाडे येते. पाहुण्याला ते सदस्यापेक्षा जास्त पडते आणि शनिवार-रविवारी त्याहून जास्त. त्याशिवाय कॅडीची म्हणजे पिशवी उचलणाऱ्याची मजुरी, भाड्याच्या काठ्या, मैदानावर फिरायला गाडी घेतली तर गाडीचे पैसे. हा हिशेब फोनवर पाच मिनिटांत होतो. तो न करता गेलेला माणूस दिवसभर खिसा चाचपत राहतो आणि खेळ बाजूलाच राहतो.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. काही क्लब नवख्याला मुख्य मैदानावर सोडत नाहीत, हँडिकॅपचा दाखला मागतात. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा. तो जितका कमी तितका खेळाडू तरबेज. २०२० पासून जगभर त्यासाठी एकच पद्धत लागू झाली आणि नवशिक्याला जास्तीत जास्त ५४ चा हँडिकॅप मिळू शकतो. दाखला नसेल तर ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे नुसते चेंडू मारायच्या सरावाच्या जागेवर जावे. पहिल्या दिवशी तेच योग्य. सदस्यांच्या ओळखीशिवाय जायचे असेल, तर नवी मुंबईत खारघरला सिडकोने उभारलेला गोल्फ कोर्स आहे. तिथे सदस्य नसलेल्यालाही शुल्क भरून खेळता येते.

कपड्यांचा नियम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. कॉलरचा टी-शर्ट, तो पँटमध्ये खोचलेला, सुती पँट किंवा गुडघ्यापर्यंतची नीट शिवलेली चड्डी, आणि बूट. जीन्स, गोल गळ्याचा टी-शर्ट, चप्पल चालत नाही. बुटाला लोखंडी खिळे चालत नाहीत, कारण ते गवत फाडतात. टाचेची सँडल घालून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाय ठेवू नये, त्याचेही कारण तेच. मैदानावरच्या या नियमांना खेळाचा आधार आहे आणि ते पाळायला हरकत नाही.

क्लबहाउसमधल्या नियमांचे मात्र तसे नाही. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने प्रवेश नाकारला, कारण ते अनवाणी होते. हुसेन अनवाणी फिरतात हे तेव्हा साऱ्या देशाला माहीत होते. हा तोच क्लब, जो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने उभा राहिला, तो भारतीयांना आणि इंग्रजांना एकत्र बसता यावे म्हणून. गोऱ्यांच्या इतर क्लबांत तेव्हा भारतीयांना मज्जाव होता. मज्जावाच्या विरोधात जन्मलेल्या संस्थेनेही सत्तर वर्षांनी एका चित्रकाराचे पाय पाहून दार लावले.

२०१७ च्या जूनमध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये जे झाले, ते याहून वाईट. मेघालयातल्या एक महिला आपल्या मालकिणीसोबत, एका सदस्याच्या पाहुण्या म्हणून तिथे जेवायला आल्या होत्या. अंगात खासी स्त्रियांचा पारंपरिक जैनसेम होता. त्या मोलकरणीसारख्या दिसतात असे म्हणून त्यांना टेबलावरून उठायला सांगण्यात आले. देशभर टीका झाल्यावर क्लबने खेद व्यक्त केला. हा क्लब राजधानीच्या मधोमध सरकारने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर आहे, हे इथे विसरता येत नाही.

अशा वागण्यावर कायदा करता येतो आणि एका राज्याने तो केलाही आहे. २०१४ च्या जुलैमध्ये चेन्नईतल्या एका क्रिकेट संघटनेच्या क्लबमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसली म्हणून आत जाऊ दिले नाही. त्यानंतर तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा मंजूर केला. वेष्टी किंवा इतर पारंपरिक भारतीय पोशाखामुळे क्लबात अडवले, तर एक वर्षापर्यंत कैद आणि पंचवीस हजारांपर्यंत दंड. महाराष्ट्रात असा कायदा नाही. धोतर, टोपी आणि खांद्यावर उपरणे घेतलेला गेवराईचा आजोबा नातवाच्या लग्नाला पुण्यातल्या एखाद्या क्लबच्या दारात उभा राहिला, तर त्याला आत घ्यायचे की नाही हे त्या दिवशीच्या पहारेकऱ्याच्या मर्जीवर असते. नऊवारी नेसलेल्या आजीचेही तेच. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तमिळनाडूसारखा कायदा करायला हवा. तोवर निमंत्रण आले की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपड्यांबद्दल क्लबला आधी विचारावे. उत्तर नकाराचे आले, तर समारंभाची जागा बदलायचा आग्रह धरावा. पैसे मोजणाऱ्या घराचे म्हणणे ऐकले जाते.

एकदा मैदानावर पाऊल टाकले की गोल्फ अतिशय न्यायी खेळ वाटू लागतो. पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे आणि खरे सांगायचे. अठरा होलची पूर्ण फेरी साधारण चार तासांची. त्यात सहा ते आठ किलोमीटर चालणे होते. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या. चेंडू सेहेचाळीस ग्रॅमहून किंचित हलका आणि जायचे ते भोक सव्वाचार इंच रुंद. हरवलेला चेंडू पूर्वी पाच मिनिटे शोधता येई. २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. मागचे लोक खोळंबतात, म्हणून हा बदल झाला. नवख्या पाहुण्याने सगळ्यात आधी हेच लक्षात ठेवावे. तिथे वाईट खेळणाऱ्यावर कुणी रागावत नाही, रेंगाळणाऱ्यावर रागावतात.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. जोरात मारलेला गोल्फचा चेंडू डोक्याला लागला तर माणूस दगावू शकतो. कुणी काठी उगारली की त्याच्या पुढे किंवा अगदी मागे उभे राहायचे नाही. चेंडू भलतीकडे गेला तर जोराने ‘फोर!’ अशी आरोळी द्यायची. ती आरोळी ऐकू आली की चेंडू कुठून आला ते पाहायला मान वर करायची नाही. डोके दोन्ही हातांनी झाकून वाकायचे. वीज कडाडली किंवा भोंगा वाजला की खेळ तिथल्या तिथे सोडून निवाऱ्याला यायचे. मोकळ्या रानात विजेचे काय होते, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. झाडाखाली थांबू नये, हेही त्याला ठाऊक असते.

बाकीचे शिष्टाचार एकाच भावनेतून आले आहेत: मागून येणाऱ्याला मैदान नीट मिळावे. चेंडू लांबून ग्रीनवर पडला की गवतात बोटाच्या पेराएवढा खळगा पडतो. दोन दातांचे एक छोटे अवजार खिशात ठेवतात. ते खळग्याच्या कडेला तिरके खुपसायचे आणि गवत चहूबाजूंनी मधल्या भागाकडे ढकलायचे. तळातून वर उचकटायचे नाही, उचकटले की मुळे तुटतात आणि तिथे पिवळा ठिपका पडतो. मग पटरच्या, म्हणजे भोकाकडे चेंडू ढकलायच्या काठीच्या, बुडाने हलके थोपटायचे. हे काम दहा-पंधरा सेकंदांचे. वेळेवर केले तर ती जागा लवकर भरते, नाही केले तर बरेच दिवस डाग राहतो. बंकरच्या वाळूत उतरलात तर पावलांचे ठसे दंताळ्याने पुसून बाहेर यायचे. रानात दंताळे धरलेल्या हाताला हे शिकवावे लागत नाही.

आणि आता कॅडी. पाहुण्याची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यासोबत चार तास चालणारा माणूस. पिशवीचे वजन दहा-पंधरा किलो सहज भरते. भारतात बहुतेक मैदानांवर कॅडी असतोच आणि नवख्यासाठी तो वरदान आहे. चेंडू कुठे पडला ते त्याला दिसते, कोणती काठी घ्यायची ते तो सांगतो, ग्रीनचा उतार कुठे वळतो ते त्याला तोंडपाठ असते. पण अनेक क्लबांत कॅडी हा पगारी नोकर नसतो. फेरी मिळाली तर मजुरी, नाही मिळाली तर दिवस फुकट. पावसाळ्यात मैदान बंद राहिले की कमाईही बंद. या माणसाशी कसे बोलायचे, हे क्लबच्या नियमावलीत सापडणार नाही. ‘अहो’ म्हणावे, नाव विचारावे, पाणी पिताना त्यालाही विचारावे आणि क्लबने ठरवलेल्या मजुरीवर जे द्यायचे ते हातात द्यावे. दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पाठवणाऱ्या जिल्ह्यातून आलेल्या पाहुण्याला हंगामी मजुरी म्हणजे काय, हे त्या हिरवळीवरच्या कुणाहीपेक्षा जास्त कळते.

याच कॅडींनी आणि माळ्यांच्या पोरांनी भारतीय गोल्फला नावारूपाला आणले. दिल्ली गोल्फ क्लबवर पिशव्या उचलणारा अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर गवताची देखभाल करायचे. हा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. मैदानाच्या कडेला वाढलेल्या त्या मुलाने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. मैदानाची नस त्याला माळ्याच्या घरात कळली होती. म्हणून कंपनीच्या कार्यक्रमाला गेलेल्या बीडच्या मुलाने तिथे स्वतःला परका समजायचे कारण नाही. या देशात हा खेळ कष्टकऱ्यांच्या पोरांनी उंचावला आहे, फक्त सदस्यांच्या यादीत त्यांची नावे क्वचित असतात.

आता त्या गवताकडे जरा वाकून पाहू. भारतातल्या बहुतेक गोल्फ मैदानांवर जे गवत असते, ते हरळीच्या कुळातले. तीच हरळी, जी काळ्या रानात शिरली की शेतकऱ्याची झोप उडते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिच्या काशा वेचून बांधावर टाकल्या, तरी पहिल्या पावसात ती पुन्हा डोके वर काढते. गणपतीला वाहतात त्या दूर्वाही तीच वनस्पती. मैदानावर तिचे सुधारलेले, बारीक पानांचे वाण लावतात आणि ग्रीनवर ती काही मिलिमीटर उंचीपर्यंत कापतात. तिचा स्वभाव मात्र तोच. पाणी मिळाले नाही तर हरळी मरत नाही; तपकिरी होते, जमिनीखाली दम धरून राहते आणि मृगाच्या सरीने हिरवी होते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातले एखादे गोल्फ मैदान हिरवेगार दिसत असेल, तर ती निसर्गाची कृपा नव्हे. रोज रात्री फवाऱ्यांनी पाणी सोडल्याशिवाय तसे होत नाही.

किती पाणी? हा हिशेब कुणालाही करता येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. अठरा होलचे मैदान साधारण चाळीस ते साठ हेक्टरांचे. त्यातले तीस हेक्टर गवत भिजवायचे धरले आणि भर उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तर रोजचे पंधरा लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरवले आहे. त्या मापाने हे सत्तावीस हजार माणसांचे पाणी झाले. प्रत्येक मैदानाचा आकडा वेगळा निघेल. कोकणात कमी, पठारावर जास्त, फक्त ग्रीन आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, भिजवणाऱ्याचा फारच कमी. पण अंदाज यावा म्हणून एवढे पुरे.

हे आकडे बीडच्या माणसाच्या कानात वेगळे वाजतात, त्याला कारण आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले. त्याच धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ ला पोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. वर मांडलेल्या मैदानाची ती आठ तासांची गरज. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. खेळपट्ट्या आणि मैदानांसाठी साधारण साठ लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा गाजत होता. साठ लाख लिटर म्हणजे या हिशेबाने गोल्फ मैदानाचे चार दिवस. क्रिकेट टीव्हीवर दिसते, म्हणून त्याच्यावर खटला झाला. गोल्फचे मैदान भिंतीआड असते, म्हणून त्याचे पाणी कुणी मोजत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात होत्या, जनावरांसोबत माणसेही तिथेच मुक्कामाला होती, आणि पुण्या-मुंबईकडे फवारे चालू होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. पाण्याचा मोठा उपसा गोल्फ करत नाही, ऊस करतो. एक हेक्टर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. तेवढ्याच गोल्फच्या गवताला त्याच्या निम्मे किंवा थोडे जास्त. आणि मराठवाड्यात ऊस लाखांवर हेक्टर आहे. गोल्फ मैदाने उद्या सगळी बंद केली, तरी बीडची तहान भागणार नाही. जो कुणी तसे सांगतो तो दिशाभूल करतो. पण उसामागे शेतकऱ्याचे बिल आहे, कारखाना आहे, तोडणी मजुराची भाकरी आहे. त्यावर वाद घालायलाही काही आधार आहे. मे महिन्यातल्या गोल्फच्या हिरव्या रंगामागे फक्त रंग आहे. चेंडू तपकिरी गवतावरही तितकाच चांगला पळतो, किंबहुना जास्त पळतो.

हा खेळ मुळात तसाच होता. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यूजसारख्या ठिकाणी, वाळूच्या माळावर आपोआप उगवलेल्या गवतात तो वाढला आणि पावसावर जगला. २०१८ ची ओपन चँपियनशिप स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीला झाली, तेव्हा उन्हाळा कोरडा गेला होता आणि सगळे फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचे गवताचे पट्टे, वाळून पिवळे-तपकिरी झाले होते. जगातले सर्वोत्तम गोल्फपटू त्यावर खेळले, इटलीच्या फ्रान्चेस्को मोलिनारीने करंडक उचलला आणि मैदान हिरवे नव्हते म्हणून स्पर्धेची शान गेली नाही. आपल्याकडेही ब्रिटिश काळात ज्या आडबाजूच्या लष्करी छावण्यांत पाणी नसे, तिथे ग्रीनऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ करत आणि त्यावर पटिंग करत. दख्खनला शोभणारा गोल्फ तो. उद्या कुणाला बालाघाटच्या माळावर नऊ होलचे मैदान करायचे असेल, तर हरळी पावसावर सोडून आणि वाळूचे ब्राउन करून ते करता येईल. त्याला विरोध करायचे कारण नाही. विरोध करायचा तो उन्हाळी हिरवळीला.

ज्यांना हिरवळ सोडवत नाही, त्यांनी सांडपाणी वापरावे. पर्याय नवा नाही. २०१६ मध्ये आयपीएलच्या खटल्यात क्रिकेट संघटनेनेच उच्च न्यायालयाला सांगितले होते की, महालक्ष्मी रेसकोर्सवर शुद्ध केलेले सांडपाणी वानखेडेसाठी वापरू. रेसकोर्सला जे जमते ते गोल्फ क्लबला जमायला हरकत नाही. पुणे आणि मुंबई रोज कोट्यवधी लिटर सांडपाणी नदी-खाडीत सोडतात. त्यातले पंधरा लाख लिटर शुद्ध करून घेण्याची ऐपत गोल्फ क्लबात नाही, असे कुणी म्हणणार नाही.

पाहुण्याने हा विषय क्लबात जाऊन कसा काढायचा? भांडून नाही. चहाच्या टेबलावर बोलावणाऱ्याला सरळ विचारावे, ‘पाणी कुठले वापरता? बोअरचे, महापालिकेचे, की शुद्ध केलेले?’ बहुतेक सदस्यांनाही ते माहीत नसते आणि विचारले की त्यांनाही कुतूहल वाटते. क्लब शुद्ध केलेले पाणी वापरत असेल तर अभिमानाने सांगतील, प्रकल्पही दाखवतील. कंपनीच्या वतीने कार्यक्रम ठरवणाऱ्या मुलामुलींच्या हातात तर याहून जास्त आहे. जागा पक्की करण्याआधी ईमेलने हा एक प्रश्न पाठवायचा आणि उत्तर आल्यावर पैसे भरायचे.

खासगी मालमत्तेत पाहुण्याने कशाला नाक खुपसायचे, असा आक्षेप येईल. पण भूजल कुणाच्या कुंपणात अडत नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदा त्याच पायावर उभा आहे. शिवाय अनेक मैदाने खासगी म्हणवतात, ती उभी असतात सरकारी जमिनीवर. लष्कराच्या ताब्यातल्या जमिनीवर ९७ गोल्फ मैदाने, आठ हजारांहून जास्त एकरांवर, असल्याचे कॅगने २०११ मध्ये संसदेपुढे ठेवले होते. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये त्यातली १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे द्यायचे ठरले. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या तेरेखोलला गोल्फ रिसॉर्ट येणार म्हटल्यावर गावकऱ्यांनी आणि कुळांनी वर्षानुवर्षे लढा दिला. जमिनीचा प्रश्न असा लोकांनी विचारला, की उत्तर द्यावे लागते.

नाशिकमध्ये तर उत्तर केव्हाच मिळाले आहे. तिथल्या गोल्फ क्लब मैदानावर आता सकाळी हजारो लोक फिरायला येतात, पोरे क्रिकेट खेळतात, रणजीचे सामने होतात. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणारा तो तरुण. नाशिककर अजूनही या मैदानाला ‘गोल्फ क्लब’च म्हणतात, आणि तिथे जायला कुणाला कॉलरचा टी-शर्ट लागत नाही.

सरकारी भाडेपट्ट्यावरच्या प्रत्येक गोल्फ क्लबने वर्षभरात किती पाणी कुठून उचलले, याचा फलक गेटवर लावावा, ही अट नूतनीकरणाच्या करारात घालणे जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि महापालिकांच्या हातात आहे. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी फेब्रुवारी ते जून ग्रीन सोडून बाकी मैदान भिजवायला बंदी, आणि ग्रीनलाही फक्त शुद्ध केलेले सांडपाणी, ही दुसरी अट. तिसरी पोशाखाची: धोतर, नऊवारी, फेटा, जैनसेम, काहीही घालून आलेल्या पाहुण्याला जेवणाच्या टेबलावरून उठवता येणार नाही. या अटींसाठी नवी समिती नेमायची गरज नाही, कराराच्या मसुद्यात तीन कलमे वाढवली की झाले. पुण्या-मुंबईच्या आमदारांना हे सुचायला वेळ लागेल. बीडच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ते मांडावे.